चर्मनौका आणि शिशाचा मासा

मासे धरण्याच्या मानवाच्या युक्त्या अनेक असल्या तरी त्यांचे ठोकळ वर्ग दोनच पडतात. एक जाळ्याचा व दुसरा गळाचा. जाळें माशाच्या इच्छेची वाट पाहत नाहीं. तें त्याच्या वाटेवर उभें राहतें किंवा त्याला सर्व बाजूंनीं वेढून घेतें. गळाचें तसें नाहीं. गळ माशानें आपण होऊन तोंडांत घ्यावा लागतो, आणि म्हणून त्याला कांहीं तरी लालूच दाखवावी लागते. कोंकणांत खाडीकांठीं गरी टाकून बसलेल्या मुलाला हें पक्कें ठाऊक असतें. कोळंबीचे तुकडे संपले कीं त्याचें गरवणेंही तेथेंच संपतें. परंतु पृथ्वीच्या उत्तरेकडील थंड समुद्रांत असा एक गळ फार दिवसांपासून चालत आला आहे, कीं ज्याला आमिषाची गरजच पडत नाहीं. आमिष म्हणून जें कांहीं आहे तें धातूचें असतें, आणि त्याला सजीवपणा येतो तो माणसाच्या मनगटांतून. ह्या गळाला इंग्रजींत जिग म्हणतात. जिग हें उड्या मारीत करावयाच्या एका नाचाचेंही नांव आहे, आणि पाण्यांतल्या त्या शिशाच्या तुकड्याची चाल पाहिली तर तें नांव शोभून दिसतें.

जिगचें जुनें रूप अगदीं साधें आहे. शिशाची वीतभर किंवा त्याहून लहान मासळी ओतावयाची, तिच्या तोंडाच्या बाजूनें दोन मोठे गळ बाहेर काढावयाचे आणि शेपटीला दोर बांधावयाचा, म्हणजे झालें. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेड उष्णतेलाच वितळतें, त्यामुळें घरच्या विस्तवावरही तें ओततां येतें. त्यासाठीं लोहाराच्या भट्टीची जरुरी नाहीं. शिवाय पाण्याच्या अकरा पटींहून तें अधिक जड असल्यामुळें लहानशा आकारांत पुष्कळ वजन मावतें व वाहत्या पाण्यांतून तें झपाट्यानें खालीं जातें. नव्या शिशाला चांदीसारखी चकाकी असते, पण हवापाण्याच्या संसर्गानें ती लवकरच मळते. म्हणून न्यूफाउंडलंडचे जुने कोळी समुद्रावर जाण्यापूर्वीं चाकूनें शिसें खरवडून पुन्हां लखलखीत करीत.

वापरण्याची रीत ऐकावयास सोपी आहे. ही शिशाची मासळी तळाला टेकेपर्यंत सोडावयाची. ती टेकली कीं दोर एकदम सैल पडतो व हाताला तें कळतें. मग दोर एक-दोन वांव वर ओढून घ्यावयाचा, आणि तेथून हात झटकन् वर न्यावयाचा व सावकाश खालीं सोडावयाचा. असें तासन् तास. वर जातांना मासळी चमकते व पळ काढणाऱ्या लहान माशाचा आभास उत्पन्न करते; खालीं येतांना ती एका अंगावर डुलत, घायाळ झाल्यासारखी पडत येते. मोठा मासा जिगवर झडप घालतो तो पुष्कळदां ह्या दुसऱ्या वेळीं. घायाळ भक्ष्य सोडून देणें हा शिकारी प्राण्याचा स्वभाव नव्हे. त्यामुळें अनुभवी माणसाचें लक्ष दोराला बसणाऱ्या हिसक्याकडे जितकें असतें तितकेंच किंबहुना अधिक दोराच्या अवेळीं सैल पडण्याकडे असतें. तळ अजून दूर आहे, आणि तरीही दोर सैल पडला, तर शिसें वाटेंतच कोणीतरी झेललें आहे असें समजावें.

शिशाचा तुकडा माशाला खरा कां वाटतो, ह्याचें उत्तर माशाच्या शरीरांत आहे. बाजारांत मासळी घेणाऱ्या पुष्कळांनीं तिच्या कुशीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत गेलेली एक बारीक रेघ पाहिली असेल. ही रेघ म्हणजे सूक्ष्म छिद्रांची ओळ असून तिच्याखालीं अशीं ज्ञानेंद्रियें असतात, कीं ज्यांना पाण्याची किंचित् हालचालसुद्धां जाणवते. अंधारांत किंवा गढूळ पाण्यांत जवळपास कांहीं तडफडत असेल तर मासा तें डोळ्यांनीं पाहण्यापूर्वीं ह्या रेघेनें ओळखतो. जिग हें ह्या इंद्रियालाच फसविण्याचें साधन आहे. रंगाचा भाग त्या मानानें गौण होय, कारण पाण्यांत थोडें खोल गेलें कीं तांबडा रंग प्रथम लोपतो आणि नंतर निळसर करड्या छायेखेरीज फारसें कांहीं उरत नाहीं. दुकानांत मांडलेल्या जिगांचे झगझगीत रंग माशांपेक्षां गिऱ्हाइकांनाच अधिक मोहवितात, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं.

ह्या साधनाचा एक दोषही सांगितला पाहिजे. जुन्या दुगळी जिगला आमिष नसतें व तो एकसारखा वरखालीं हिसकला जातो. त्यामुळें मासा दाट असेल तेथें तो त्यांच्या पोटांत, पाठींत, कोठेंही रुततो. असे रुतलेले सगळेच मासे वर येत नाहींत. कित्येक अंग फाटून निसटतात व पुढें पाण्यांतच मरतात.

आतां नौकेकडे वळावें. कयाक ही उत्तर ध्रुवाजवळच्या इनुइट लोकांची नौका. ह्या लोकांना पूर्वीं एस्किमो म्हणत, परंतु तें नांव त्यांच्यांतील पुष्कळांस रुचत नाहीं. त्यांच्या ग्रीनलंडसारख्या प्रदेशांत झाड म्हणून उगवत नाहीं, तेव्हां समुद्रानें किनाऱ्यावर आणून टाकलेलें वाहतें लांकूड व प्राण्यांचीं हाडें ह्यांचा सांगाडा करावयाचा व त्यावर सीलचें कातडें शिवून ताणून बसवावयाचें, अशी तिची बांधणी. पश्चिम ग्रीनलंडची कयाक सुमारें सतरा फूट लांब आणि जेमतेम पावणेदोन फूट रुंद असे. तिचीं मापें फुटपट्टीनें नव्हे, तर मालकाच्या शरीरानें ठरत. लांबी त्याच्या पसरलेल्या हातांच्या तिप्पट, रुंदी त्याच्या कमरेइतकी व वर दोन मुठी, अशा प्रकारचे हिशेब असत. वरची बाजूही कातड्यानें बंद असून मध्यें फक्त एक वाटोळें भोंक राही. त्यांत माणूस बसला आणि आपल्या कातडी अंगरख्याचा घेर त्यानें त्या भोंकाच्या कडेला आवळून बांधला, म्हणजे नौका व नावाडी मिळून एकच प्राणी होई. लाटेनें उलथून टाकलें तरी वल्ह्याच्या एका फटक्यासरशी त्याला पुन्हां सरळ होतां येई. अंगरखा सोडून बाहेर पडण्याची वेळ आली तर मात्र सहसा निभाव नसे, कारण त्या पाण्यांत माणूस फार वेळ जगत नाहीं.

नॉर्वेचा प्रसिद्ध प्रवासी फ्रिट्यॉफ नानसेन १८८८ सालीं ग्रीनलंडचें बर्फाच्छादित पठार ओलांडून पश्चिम किनाऱ्यास उतरला आणि पुढचा हिवाळा त्यानें गोडथाब येथें, म्हणजे आजच्या नूक शहरीं, काढला. तेथल्या लोकांकडून तो कयाक चालविण्यास शिकला. त्याच्यामागून तेथें गेलेल्या तरुणांत इंग्लंडचा जीनो वॉटकिन्स हा एक होता. कयाक उलथली असतां पुन्हां सरळ करण्याची विद्या त्यानें उत्तम हस्तगत केली होती. तरी १९३२ च्या ऑगस्ट महिन्यांत पूर्व ग्रीनलंडमध्यें तो एकटाच सीलच्या शिकारीस गेला व परत आला नाहीं. त्याची नौका पाण्यावर तरंगतांना सांपडली. त्या वेळीं तो पंचवीस वर्षांचा होता.

कयाक ही मुळांत सीलच्या शिकारीची नौका. भाला, त्याला बांधलेली दोरी व हवेनें फुगविलेली कातडी पिशवी हा तिचा मुख्य सरंजाम. मासे धरण्याचें काम त्यापुढें हलकें मानलें जाई. ही समजूत बदलावी लागली ती हवामानानें. विसाव्या शतकाच्या पहिल्या काहीं दशकांत ग्रीनलंडच्या पश्चिमेकडील पाणी थोडें उबदार झालें. सील उत्तरेकडे सरकूं लागले आणि दक्षिणेकडून कॉड माशांचे थवे येऊं लागले. ज्याच्या यकृताचें तेल महाराष्ट्रांतल्या कित्येक मुलांनीं नाक मुठींत धरून गिळलें, तोच हा मासा. सीलच्या मांसावर, चरबीवर व कातड्यावर ज्यांचें अन्न, दिवा व वस्त्र अवलंबून होतें, त्या कुटुंबांना आतां कॉड मारून व्यापारी वखारीला विकण्यावांचून गत्यंतर उरलें नाहीं. त्यांच्यापाशीं नौका होती ती कयाकच. म्हणून भाल्याच्या जागीं दोर व शिशाचा जिग आला, आणि शिकारी माणूस कोळी झाला. ह्या बदलांतील मानहानि वृद्ध शिकाऱ्यांना सलली असेल, हें समजण्यास फारसे कष्ट नकोत.

पण त्याहून मोठी अडचण साधनांतच होती. सीलच्या शिकारींत नावाडी सतत चालत असतो, आणि चालती कयाक सायकलसारखी तोल राखते. जिग मारण्यासाठीं मात्र एका जागीं थांबावें लागतें आणि हात दोराला द्यावे लागतात, म्हणजे वल्हें सुटतें. वल्हें हाच तर कयाकचा तोल. ह्यावर तोडगा असा होता कीं, वल्हें नौकेवर आडवें टाकून त्याचें एक टोंक कातडी पट्ट्याखालीं खोचावयाचें. तें मग पाण्यावर टेकून कोंकणी होडीच्या उलांडीचें काम करी. मासा वर आला कीं त्याला ठार करून ठेवावयाचें कोठें, हाही प्रश्नच. कारण अशा अरुंद नौकेंत दहा-वीस कॉडांचें वजन चुकीच्या जागीं पडलें तर तिचा तोल बिघडतो. त्यामुळें वल्हवण्याच्या लांकडी होड्या व पुढें मोटार बसविलेल्या होड्या येतांच कॉडच्या धंद्यांतून कयाक हळूहळू बाजूस पडली.

थांबून राहण्यांत आणखी एक संकट होतें, आणि तें वादळांत नव्हे तर अगदीं शांत हवेंत येई. समुद्र आरशासारखा निश्चल, वारा मुळींच नाहीं, सूर्य खालीं उतरलेला व त्याची तिरीप सरळ डोळ्यांवर. अशा वेळीं स्तब्ध बसलेल्या नावाड्याला एकाएकीं भ्रम होई. नौकेचें टोंक फार लांब गेल्यासारखें वाटे, ती एका अंगाला कलत आहे अथवा आंत थंडगार पाणी शिरत आहे असा भास होई, आणि हात हलविण्याची शक्ति नाहींशी होई. अशा स्थितींत दुसरी कयाक येऊन शेजारीं लागली, किंवा वाऱ्याची एक झुळूक येऊन पाण्यावर लहर उठली, तर झटका ओसरे. एकट्यानें गांठला गेला तर माणूस दगावण्याचा संभव असे. ग्रीनलंडच्या लोकांत ह्या व्याधीला स्वतंत्र नांव होतें आणि डेन्मार्कच्या डॉक्टरांनीं विसाव्या शतकाच्या आरंभीं तिची नोंद घेतली. ज्यांना ती वारंवार जडे अशा कांहीं शिकाऱ्यांनीं भर वयांत समुद्र कायमचा सोडला, व जेथें कयाक हीच भाकरी तेथें ह्याचा अर्थ दुसऱ्याच्या दारीं बसणें असा होता. डोळ्यांना व कानांना कांहींच नवें मिळेनासें झालें म्हणजे मन आपलाच खेळ मांडूं लागतें, असें ह्याचें स्पष्टीकरण हल्लीं पुष्कळदां दिलें जातें.

कॉडचा सुकाळही टिकला नाहीं. १९६० नंतरच्या पहिल्या काहीं वर्षांत पश्चिम ग्रीनलंडच्या समुद्रांतून अनेक राष्ट्रांच्या जहाजांनीं मिळून वर्षाला चार लाख टनांहून अधिक कॉड काढला. त्यानंतर पाणी पुन्हां थंडावलें, व उपसा आणि थंडी ह्यांच्या दुहेरी मारानें मासा दिसेनासा झाला. पलीकडे न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर तर कॅनडाच्या सरकारनें २ जुलै १९९२ रोजीं कॉडची मासेमारी बंद केली आणि तीस हजारांवर माणसें एका दिवसांत बेकार झालीं. ती बंदी मर्यादित स्वरूपांत उठण्यास २०२४ साल उजाडलें. हा नाश हातांत दोर धरून बसलेल्या माणसानें केला नाहीं. समुद्राचा तळ खरवडणाऱ्या अवजड जाळ्यांनीं व ती ओढणाऱ्या जहाजांनीं तो केला, ह्याविषयीं फारसा मतभेद नाहीं.

धंदा म्हणून कयाक मागें पडली, परंतु छंद म्हणून ती जगभर पसरली. स्कॉटिश वकील जॉन मॅकग्रेगर ह्यानें १८६५ सालीं कयाकच्या धर्तीवर लांकडी नौका बांधून युरोपच्या नद्यांतून प्रवास केला, त्यामुळें इंग्लंडांत तिचें वेड पसरलें. १९०७ च्या सुमारास जर्मनींत क्लेपर ह्या शिंप्यानें घडी करून आगगाडींतून नेतां येईल अशी कापडी कयाक विकावयास काढली. १९७० नंतरच्या दशकांत ती प्लॅस्टिकची होऊं लागली. आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर तिच्यांत एक मूलगामी फरक झाला तो असा कीं, आंत शिरून बसण्याऐवजीं वरच बसावयाचें. अशी कयाक म्हणजे बंद पोकळ फळीच. उलथली तरी तिच्यांत पाणी भरत नाहीं व पडलेल्या माणसाला पुन्हां वर चढतां येतें. १९९७ सालीं होबी ह्या अमेरिकन कंपनीनें पायांनीं चालवावयाचे पंख तिला बसविले. पेंग्विन पक्ष्याच्या पंखांसारखी त्यांची चाल असते. हा शोध खेळण्यासारखा दिसला तरी ग्रीनलंडच्या कोळ्याची जी मूळ अडचण, ती ह्यानें दूर झाली. वल्हवण्याचें काम पायांकडे गेलें आणि दोन्ही हात जिगसाठीं मोकळे झाले.

जिगनेंही ह्या काळांत पुष्कळ रूपें घेतलीं. हातांतल्या दोराऐवजीं आखूड लवचीक काठी व फिरकी आली. १९३८ सालीं नायलॉन निघालें, पण नायलॉनचा दोरा ताणतो. शंभर फूट खालीं असलेल्या जिगला वरून दिलेला हिसका त्या ताणांतच मुरून जातो. १९९० नंतर पॉलिएथिलीनचे अतिशय बारीक व जवळजवळ न ताणणारे विणलेले दोरे मिळूं लागले. खोलावर जिग मारणें खऱ्या अर्थानें शक्य झालें तें ह्यांमुळें. जपानी लोकांनीं ह्या कलेंत सर्वांत अधिक डोकें चालविलें. पूर्वीं लांब सुरीसारखा जिग जोरजोरानें वर उपसण्याची पद्धति होती. तिनें माणूस थकतो व कयाक डगमगते. नोरिहिरो सातो ह्या जपानी तज्ज्ञाच्या नांवाशीं जोडली गेलेली दुसरी पद्धति अगदीं निराळी आहे. तींत पानाच्या आकाराचा रुंद जिग घेऊन फिरकीचा अर्धा-पाव फेरा द्यावयाचा आणि काठीच्या लवचीकपणानें त्याला हळूच वर उडवून पुन्हां आडवा तरंगत पडूं द्यावयाचा. ह्यांत गळ जिगच्या वरच्या कडीला आखूड दोरीनें लोंबते बांधलेले असल्यामुळें ते तळाच्या खडकांत कमी अडकतात. बसल्या जागेवरून, फारसें अंग न हलवितां करतां येणारी ही पद्धति कयाकसाठींच काढली असावी असें वाटतें, जरी ती काढली गेली मोठ्या बोटींवर.

कयाकवर बसणाऱ्यानें सर्वांआधीं समजून घ्यावयाचें तें वाहून जाण्याचें गणित. जिग पाण्यांत किती फूट उतरवावयाचा तितक्या ग्रॅमचा घ्यावा, असा एक ढोबळ नियम प्रचलित आहे. शंभर फुटांस शंभर ग्रॅम. पण हा नियम स्थिर नौकेचा. कयाक हलकी असते व वाऱ्यानें सहज ढकलली जाते. समजा, ती सेकंदाला अर्धा मीटर वाहत आहे व जिग सेकंदाला दीड मीटर बुडत आहे. तीस मीटर तळ गांठण्यास जिगला वीस सेकंद लागतील, आणि तेवढ्यांत नौका दहा मीटर पुढें गेलेली असेल. दोर उभा न राहतां तिरपा होईल. तोच जिग निम्म्या वेगानें बुडणारा असेल तर अंतर वीस मीटर होईल, आणि मग काठीचा हिसका जिगला वर न उचलतां केवळ बाजूला ओढील. वर उडून खालीं पडणें हाच ज्याचा सारा खेळ, तो असा फरपटत गेला तर खेळ संपलाच. ह्याला उपाय दोन. एक अधिक जड जिग. दुसरा, नौकेच्या टोंकाला कापडी छत्री पाण्यांत सोडून वाहण्याचा वेग कमी करणें. ज्यांच्या कयाकला पायांचे पंख आहेत ते वाऱ्याच्या तोंडावर सावकाश पाय मारीत दोराला उभा ठेवूं शकतात.

मासा लागल्यावर मात्र कयाकचा हलकेपणा उपकारक ठरतो. मोठ्या बोटीवर माशाची सारी ओढ दोरावर व काठीवर येते; कयाक माशामागें ओढली जाते आणि ती ओढच माशाला दमवते. परंतु काठी नेहमीं नौकेच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोंकाकडे धरावी. तसें केलें कीं नौका आपोआप माशाच्या दिशेला वळते. बाजूला धरली तर ओढ आडवी लागते व अरुंद नौका कलते. ह्याहूनही घातक प्रसंग म्हणजे जिग तळाच्या खडकांत अडकणें आणि वर वाहतें पाणी जोराचें असणें. त्या क्षणीं नौका दोरानें नांगरली जाते आणि प्रवाह तिला आडवी करून एका अंगानें खालीं दाबूं लागतो. जिग महाग असतो. तो सोडविण्याच्या मोहांत माणसें पाण्यांत पडलीं आहेत. म्हणून हाताशीं, डाव्या-उजव्या दोन्ही हातांना पोहोंचेल अशा जागीं, एक चाकू बांधलेला असावा व दोर तोडण्यास विलंब करूं नये.

पाण्यांत पडल्यावर काय होतें, ह्याचा कॅनडाचे शास्त्रज्ञ गॉर्डन गीसब्रेख्ट ह्यांनीं घालून दिलेला हिशेब लक्षांत ठेवण्यास सोपा आहे. अतिथंड पाण्यांत पहिला एक मिनिट धाप आवरण्याचा. त्या मिनिटांत जो घाबरून पाणी ओढतो तो तेथेंच बुडतो. पुढचीं दहा मिनिटें हातपाय कामाचे राहतात. बेशुद्धि येण्यास मात्र सुमारें एक तास लागतो. म्हणजे तरंगत राहण्याचा पट्टा अंगावर असेल तर मदत येण्यास तासभर अवकाश आहे, आणि नसेल तर फक्त दहा मिनिटांचा. पट्टा नौकेंत ठेवलेला असून उपयोग नाहीं.

कोंकणच्या उबदार पाण्याला हा हिशेब लागू पडत नाहीं. तेथें धोका वेगळा आहे. मालवण-तारकर्लीकडे कयाक आतां हौशी पाहुण्यांच्या परिचयाची झाली आहे, आणि त्या किनाऱ्यालगतच्या खडकाळ तळावर तांबोशी, गोब्रा हे जिगला भुलणारे मासे राहतात. पहांटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. त्या वेळीं पाणी गुळगुळीत दिसतें व नौका अलगद बाहेर जाते. किती बाहेर गेली तें परत फिरतांना समजतें. दुपारीं खारा वारा सुटला म्हणजे तो किनाऱ्याकडे आणतो खरा, पण लाटा उठवून. उधाणाच्या दिवशीं खाडीच्या मुखाशीं ओहोटी लागली असतां तर वल्ह्यांनीं तिच्याशीं झुंजणें बलवान् माणसालाही साधत नाहीं. गांवच्या कोळ्यांना ह्या वेळा तोंडपाठ असतात. त्यांना विचारून निघावें व पावसाळ्यांत निघूंच नये.

खोल पाण्यांतून वर आणलेल्या माशाचीही गोष्ट येथें आली पाहिजे. गोब्रासारख्या माशाच्या पोटांत हवेची पिशवी असते. शंभर फुटांवरून त्याला झपाट्यानें वर ओढलें कीं बाहेरचा दाब कमी होऊन ती पिशवी फुगते, जठर तोंडांतून बाहेर येतें व डोळे सुजतात. असा मासा लहान आहे म्हणून दयेनें पाण्यांत सोडला तर तो बुडूं शकत नाहीं. पालथा तरंगत राहतो आणि पक्ष्यांच्या भक्ष्यस्थानीं पडतो. त्याला वांचवावयाचा असेल तर वजन लावून पुन्हां खोल पोंचवावा लागतो, म्हणजे दाबानें पिशवी पूर्ववत् होते. जेथें लहान मासेच लागत असतील तेथून नौका हलविणें हें त्याहून सोपें. शिशासंबंधींही असाच विचार सुरू झाला आहे. ब्रिटनमध्यें हंस लहान लहान शिशाचे मणी गिळून विषबाधेनें मरत, म्हणून १९८७ पासून तेथें गळाला लावण्याच्या लहान शिशांची विक्री बंद आहे. जिगसारख्या मोठ्या शिशाला तो कायदा लागत नाहीं. तरीही टंगस्टनचे जिग आतां मिळतात. ते शिशाहून जड असल्यामुळें आकारानें लहान व बुडण्यास वेगवान्, परंतु किंमतीनें बरेच महाग असतात.

भारतांत आमिषावांचून गळानें धरला जाणारा जीव म्हणजे मुख्यतः माकूल. केरळांतील विळिंजमचे कोळी ओंडके बांधून केलेल्या कट्टुमरमवर, म्हणजे कयाकइतकेंच पाण्याला चिकटून बसून, हातगळानें तो काढीत आले आहेत. कॅटॅमरान हा इंग्रजी शब्द ह्याच तमिळ नांवावरून निघाला. माकुलासाठीं वापरावयाचा जिग कोळंबीच्या आकाराचा असतो. जपानांत दक्षिणेकडील कागोशिमा भागांत तो पूर्वीं लांकडाचा कोरीत. त्याच्या टोंकाला गळ नसून वर वळलेल्या टांचण्यांचा एक मुकुट असतो आणि त्या टांचण्यांना उलटा कांटा नसतो, कारण हा प्राणी आपल्या भुजांनीं त्याला मिठी मारतो व दोर सैल न सोडला तर आपणच अडकून राहतो. त्याला हिसका द्यावयाचा नसतो. एकसारख्या ओढीनें वर घ्यावयाचा. पृष्ठभागाशीं आला म्हणजे मात्र लगेच नौकेंत घेऊं नये. क्षणभर पाण्यांतच धरून ठेवावा व त्याचें तोंड बाजूला वळवावें, म्हणजे त्याची सारी शाई समुद्रांत जाते. मोठ्या होडींत ह्यासाठीं बाजूला सरकण्यास जागा असते. कयाकमध्यें ती नसते.